गरम हवेचं इंजिन : आगीचं नंतर, आधी गार पाण्याचं बोला

वाचकांचे प्रश्न, बॉयलर हाऊसमधून उत्तरं

मागच्या अंकात गरम हवेच्या इंजिनावर (शोधकाच्या नावावरून याला स्टर्लिंग इंजिनही म्हणतात) दीड पान लिहिलं आणि एरवी महिन्याला चार पत्रं येणाऱ्या या सदराला ढीगभर पत्रं आली. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बंद भांड्यात तीच ती हवा आळीपाळीने तापवायची आणि निववायची. तापली की फुगते आणि दट्ट्या ढकलते, निवली की आकसते आणि दट्ट्या मागे येतो. आत स्फोट नाही, वाफ नाही. बाहेर चिपाडं जाळा, शेणकूट जाळा, नाहीतर आरशाने ऊन आणून सोडा, इंजिनाला फरक पडत नाही. अशा यंत्रावर माणसाचा चटकन जीव जडतो.

माझी उमेदीची वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली, त्यामुळे आगीचं मला फार अप्रूप उरलेलं नाही. आग कोणीही करतो. ती उष्णता काम करून झाल्यावर टाकायची कुठे, हे विचारलं की नव्वद टक्के आराखडे गप्प होतात. खालच्या उत्तरांत ही कुरकुर वारंवार दिसेल. आकडे ढोबळ आहेत, पण कागद-पेन्सिलीने पडताळता येतील असे आहेत.

चहाच्या कपावर ठेवलेलं इंजिन फिरताना व्हिडिओत पाहिलं. तेच मोठं केलं तर घरापुरती वीज निघेल का?
— डिप्लोमाचा विद्यार्थी, सांगली

व्हिडिओ खरा आहे, त्यात लबाडी नाही. युगोस्लाव्हियातल्या इव्हो कोलिन यांनी १९८३ मध्ये उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर चालणारं असं चपटं इंजिन दाखवलं. पुढे अमेरिकेतल्या जेम्स सेन्फ्ट यांनी ते इतकं हलकं आणि बिनघर्षणाचं केलं की वरच्या-खालच्या तबकडीत अर्धा अंश फरक असला तरी चाक फिरत राही. हाताच्या तळव्यावर चालणारी खेळणी त्याच घराण्यातली.

आता हिशेब कर. कपात २०० ग्रॅम चहा. ९० अंशांवरून ४० पर्यंत निवताना तो ४२ हजार ज्यूल देतो. खोली ३० अंशांवर असेल तर सुरुवातीला त्यातला जास्तीत जास्त साडेसोळा टक्के भाग कामात बदलू शकतो. ही निसर्गाने घातलेली मर्यादा झाली, कारागिरीची वेगळी, आणि चहा निवत जातो तशी तीही खाली सरकते. खेळण्यातलं इंजिन यातला एक टक्का जरी काढत असेल तरी त्याची पाठ थोपटावी. एक टक्का म्हणजे ४२० ज्यूल, म्हणजे एक वॉटचा एलईडी सात मिनिटं. तेही सगळा कप गार झाल्यावर.

‘मोठं केलं तर’ यात आणखी एक खोच आहे, आणि ती पुढे मशीन डिझाइन शिकताना उपयोगी पडेल. इंजिन सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं की आतली हवा आठपट होते, पण तिला तापवणाऱ्या-निववणाऱ्या भिंती चौपटच वाढतात. म्हणजे दर लिटर हवेमागे भिंत निम्मी. हवा ही उष्णतेची वाईट वाहक, तिला भिंतीजवळ नेल्याशिवाय ती तापत नाही. म्हणून मोठ्या इंजिनांत एका भिंतीऐवजी बारीक नळ्यांचे जुडगे लागतात, आणि तिथेच सगळा पैसा जातो. क्रँक, फ्लायव्हील, कनेक्टिंग रॉड हे आपल्याकडचा कुठलाही चांगला लेथवाला करून देईल. या इंजिनाचं अवघडपण भिंतीत आहे.

आमचं गुऱ्हाळ आहे. चुलवाणातली एवढी उष्णता धुराड्यातून वाया जाते. तिच्यावर पाच हॉर्सपॉवरचं हवेचं इंजिन बसवून उसाचा चरक फिरवता येईल का? दिवसा लाइट नसते आणि डिझेल परवडत नाही.
— गुऱ्हाळमालक, करवीर तालुका

पाटील, या महिन्यातलं सगळ्यात सरस पत्र तुमचं. तुमच्याकडे उष्णता फुकट आहे, ती आधीच तयार होते आहे, आणि तुम्हाला गोल फिरणारी शक्ती हवी आहे, वीजसुद्धा नको. म्हणून जरा लांबून येतो.

आधी इंजिनाचा आकार. अमेरिकेत ओहायो विद्यापीठातले विल्यम बील यांनी चांगल्या चालणाऱ्या अनेक इंजिनांवरून एक ढोबळ सूत्र काढलं: वॉटमधली शक्ती म्हणजे ०.०१५ गुणिले आतला सरासरी दाब (बारमध्ये) गुणिले सेकंदाचे फेरे गुणिले दट्ट्याने झाडलेलं घनफळ (सीसीमध्ये). पाच हॉर्सपॉवर म्हणजे ३,७०० वॉट. आत साधी वातावरणाच्या दाबाची (साधारण एक बार) हवा आणि मिनिटाला ३०० फेरे धरले, तर घनफळ येतं ४९ लिटर. हे सूत्र इंजिनाचं गरम डोकं साधारण ६५० अंशांवर धरतं. तुमचा धूर ५०० चा असला तरी लोखंड ४००च्या आसपास राहील, आणि तिथे शक्ती निम्म्यावर येते असं धरून चालावं. म्हणजे शंभर लिटर. तुमच्या शेजारच्या विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन साडेपाचशे सीसीचं असतं. शंभर लिटरचा दट्ट्या कोल्हापुरात ओतून मिळेल, शिरोलीच्या फाउंड्र्यांना त्याचं काही नाही, पण तो ठेवायला गुऱ्हाळाचं छप्पर वाढवावं लागेल.

म्हणून दाब वाढवतात. आत पाच बार हवा भरली आणि ६०० फेऱ्यांवर नेलं तर शंभराचे दहा लिटर होतात. हे आवाक्यातलं आहे. पण मग तुमच्याकडे आगीत तोंड घालून बसलेलं दाबाचं भांडं आलं, आणि तिथे माझ्यातला बॉयलरवाला जागा होतो. दोन गोष्टी लिहून ठेवा. भांड्याची चाचणी थंड असताना, पाणी भरून, दीडपट दाबाला. हवा भरून कधीही नाही, कारण पाण्याने भरलेलं भांडं फाटलं तर गळतं, हवेने भरलेलं फाटलं तर माणसाला घेऊन जातं. आणि आत तेल-ग्रीस नको. दाबाखालची गरम हवा आणि तेलाची वाफ एकत्र आली की तुम्ही न मागता डिझेल इंजिन तयार होतं. दट्ट्याला टेफ्लॉनच्या कोरड्या रिंगा बसवतात त्या याचसाठी.

आता पाण्याकडे येतो. नीट बनलेलं इंजिन आत घेतलेल्या उष्णतेतली १५ टक्के चरकाला देईल असं धरू. म्हणजे २५ किलोवॉट उष्णता आत आणि २१ किलोवॉट बाहेर टाकायची. पाणी दहा अंशांनी तापू द्यायचं ठरवलं तर तासाला अठराशे लिटर पाणी इंजिनाच्या गार बाजूवरून फिरलं पाहिजे. हौदात फिरवत बसलात तर दुपारपर्यंत हौद कोमट आणि इंजिन सुस्त.

पण गुऱ्हाळात गार पातळ पदार्थ आधीच वाहतो आहे: उसाचा रस. चरकातून तासाला सहाशे किलोच्या आसपास रस निघत असेल, तर तो २८ अंशांवरून ५८ पर्यंत तापवायला जवळजवळ १९ किलोवॉट लागतात. इंजिनाला टाकायचे आहेत २१. जमाखर्च जवळपास जुळतो! म्हणजे इंजिनाने टाकलेली उष्णता काहिलीतच (रस आटवायच्या कढईतच) जाईल आणि तेवढी चिपाडं वाचतील. गार बाजू ३० ऐवजी ६० अंशांवर गेल्याने नुकसान किती? गरम डोकं ४०० ला असेल तर निसर्गाची मर्यादा ५५ टक्क्यांवरून साडेपन्नासवर येते. सोसण्यासारखं आहे. (चहाच्या कपावर हेच केलं असतं तर निम्मं काम गेलं असतं.) रस थेट इंजिनाच्या गार बाजूभोवतीच्या जॅकेटमधून मात्र नेऊ नका, आंबेल आणि थर धरेल, मधे पाण्याचं छोटं वेटोळं ठेवा आणि रसाची बाजू रोज उघडून घासता येईल अशी करा. गुळाचा रंग बिघडला तर गुळव्या तुमच्या इंजिनाला शिव्या घालेल, आणि त्याचं बरोबर असेल.

तरी मी तुम्हाला हे आज करा म्हणणार नाही. तीन अडचणी आहेत. पहिल्या काहिलीचा रस निघेपर्यंत चुलवाण पेटलेलं नसतं, मग पहिला चरक कशाने फिरवणार? मोटर ठेवावीच लागेल. दुसरी राखेची. चिपाडाच्या धुरात बारीक राख असते, ती गरम नळ्यांवर बसते आणि आठवड्यात निम्मी उष्णता आत जायची थांबते. लाकडाच्या चिप्सवर हवेची इंजिनं चालवणाऱ्या डेन्मार्कच्या मंडळींनाही हाच जाच झाला. नळ्या विरळ आणि सरळ ठेवा, ब्रश घालता आला पाहिजे. तिसरी ओढीची. धूर जितका निववाल तितकी धुराड्याची ओढ कमी, चुलवाण धुमसणार. उंची वाढवा नाहीतर पंखा लावा, आणि पंख्याला पुन्हा लाइट.

इंजिनाच्या डोक्याहून गार झालेला धूर इंजिनाला देण्यासारखं काही उरत नाही. तुमच्या ५०० अंशांच्या धुरातून ते वरचा थोडाच भाग घेईल, ४०० चा धूर पुढे जाणारच. त्या धुरावर रस तापवायची दुसरी काहील बसवली तर एकही हलता भाग न लावता चिपाडं वाचतात. पैसे तिथे आधी घाला. कोल्हापुरात ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, सुधारित चुलवाणाबद्दल तिथे विचारा. आणि इंजिनाची हौस राहिलीच तर त्या दुसऱ्या काहिलीच्या आधी, चुलवाणाजवळ, त्याची जागा आधीच राखून ठेवा.

जाता जाता: तुमची कल्पना वेडी नाही. १९८० च्या दशकात मद्रासमध्ये भाताच्या तुसावर चालणारं पाच हॉर्सपॉवरचं हवेचं इंजिन, एसटी-५ नावाचं, खरोखर तयार होत होतं. मूळ आराखडा ओहायोचा. भातगिरणीत तूस फुकट, हे गणित तुमच्यासारखंच. ते टिकलं नाही. माझ्या मते स्वस्त डिझेल इंजिनापुढे आणि गावोगाव पोचलेल्या मेकॅनिकपुढे त्याचा निभाव लागणं कठीणच होतं.

स्टर्लिंग हे पाद्री होते आणि बॉयलर फुटून माणसं मरत म्हणून त्यांनी हे इंजिन काढलं, असं वाचलं. खरं आहे का? आणि त्यांचा ‘इकॉनॉमायझर’ म्हणजे काय?
— निवृत्त शिक्षक, चिपळूण

पाद्री होते हे खरं. बाकीच्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. रॉबर्ट स्टर्लिंग यांना स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉकच्या चर्चमध्ये दीक्षा मिळाली ती सप्टेंबर १८१६ मध्ये, आणि पेटंटचा अर्ज त्याच महिन्यातला. त्यांनी आपल्या लोकांची दुःखं बघून मग यंत्र शोधलं असं म्हणायला वेळच नाही. शिवाय पेटंटचं शीर्षकच इंधनाचा खप कमी करण्याच्या सुधारणा असं सुरू होतं. माणूस काटकसरी होता, आणि ती काटकसर म्हणजेच तुमचा इकॉनॉमायझर. आज त्याला रिजनरेटर म्हणतात.

गरम हवा गार बाजूला जाते तेव्हा तिची उष्णता पाण्यात फेकून का द्यायची? वाटेत बारीक तारांची जाळी ठेवली तर हवा आपली उष्णता जाळीत ठेवून पुढे जाते, आणि परत येताना उचलून घेते. थंडीत नाकातोंडावर मफलर घेऊन श्वास घेतो तेव्हा हेच घडतं.

किती फरक पडतो ते सांगतो, कारण हे वाचून मी स्वतः खुर्चीत ताठ बसलो होतो. एक किलो हवा, गरम बाजू ४५० अंश, गार बाजू ५०, हवा दुप्पट फुगते-आकसते असं धरा. आदर्श चक्रात एका फेऱ्यात ८० किलोज्यूल काम मिळतं. फुगताना आगीतून १४४ किलोज्यूल घ्यावे लागतात. पण गार हवा नुसती पुन्हा ४५० पर्यंत तापवायलाच २८७ लागतात! रिजनरेटर नसेल तर हे सगळं आगीने द्यायचं: ४३१ घेऊन ८०, म्हणजे साडेअठरा टक्के. रिजनरेटर अगदी निर्दोष असेल तर १४४ घेऊन ८०, म्हणजे ५५ टक्के. जाळीने दहातली नऊ उष्णता परत केली तर ४६, आठच केली तर ४०. दुसरा एकही सुटा भाग यंत्राला एवढं देत नाही, आणि तो हलतसुद्धा नाही.

बनवणं मात्र कसरतीचं. तार बारीक हवी म्हणजे उष्णता चटकन शिरते-निघते, पण फार दाट जाळीतून हवा ढकलण्यातच इंजिनाचा दम जातो. जाळी मोठी केली तर तिच्यात अडकलेली हवा ना फुगण्यात भाग घेते ना आकसण्यात, तिला डेड व्हॉल्यूम म्हणतात. आणि जाळीच्या तारा उष्णतेच्या दिशेने उभ्या लावल्या तर उष्णता तारेतूनच गार बाजूला पळते, म्हणून स्टेनलेसच्या जाळीच्या चकत्या एकावर एक आडव्या रचतात. हौशी लोक भांडी घासायची तारेची घासणी कोंबतात. सुरुवातीला तेवढं पुरतं, पण तुकडे सुटून सिलिंडरमध्ये जाणार नाहीत याची काळजी घ्या.

स्टर्लिंग यांचं पुढे काय झालं? त्यांचा भाऊ जेम्स इंजिनीअर होता. त्याने १८४३ मध्ये डंडीच्या फाउंड्रीतलं वाफेचं इंजिन हवेवर चालेल असं बदललं. काही वर्षं चाललं, पण आगीत बसलेली बिडाची गरम भांडी तडकत राहिली आणि १८४७ मध्ये फाउंड्रीने पुन्हा वाफ घेतली. म्हातारपणी, १८७६ मध्ये, रॉबर्टनी बेसेमरच्या पद्धतीने बनणाऱ्या पोलादाबद्दल लिहिलं, की हे तेव्हा मिळालं असतं तर त्यांच्या इंजिनाचं नशीब वेगळं असतं. बॉयलर हाऊसमध्ये ट्यूब फुटलेल्या रात्री काढलेल्या कोणालाही हे वाक्य नीट कळेल.

हवेऐवजी हायड्रोजन किंवा हेलियम भरला तर?
— वाचक, पिंपरी

शक्ती वाढते. हेलियम हवेच्या साधारण सहापट वेगाने उष्णता वाहून नेतो, आणि दोन्ही वायू हलके असल्याने जाळीतून ढकलायला सोपे. मोठी इंजिनं त्यांवरच चालतात. पण हायड्रोजन लाल झालेल्या पोलादातून आरपार झिरपतो आणि हेलियम कुठल्याही सीलमधून वाट काढतो, मग सिलिंडर घेऊन पुन्हा भरत बसा. पाच-सहाशे फेऱ्यांपर्यंत साधी हवा बरी. गळली तर पंप मारता येतो.

आरशाची थाळी आणि हवेचं इंजिन मिळून ऊन ३१ टक्के कार्यक्षमतेने विजेत बदलतात म्हणे. सोलर पॅनल वीस-बावीस टक्के देतं. मग आमच्या सोलापूरसारख्या उन्हाच्या जिल्ह्यात थाळ्या का नाहीत?
— वाचक, सोलापूर

आकडा खरा आहे: ३१.२५ टक्के, ३१ जानेवारी २००८, अमेरिकेत आल्बुकर्कीच्या सँडिया प्रयोगशाळेत. त्याआधीचा विक्रम १९८४ चा, २९.४ टक्क्यांचा होता. पण त्या दिवसाची हवा बघा. आकाश काचेसारखं स्वच्छ आणि थंडी गोठणबिंदूच्या आसपास. त्यामुळे इंजिनाची गार बाजू २३ अंशांवर राहिली. मे महिन्यात सोलापूरला पारा ४२ वर असतो, रेडिएटरने निववलेली गार बाजू साठच्या खाली आणून दाखवा म्हणजे मी पेढे देतो.

त्या विक्रमानंतर ॲरिझोनात पिओरिया इथे २०१० मध्ये अशा ६० थाळ्या उभ्या राहिल्या. प्रत्येकी २५ किलोवॉट, एकूण दीड मेगावॉट. पुढच्याच वर्षी त्या थाळ्या बनवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. त्या दोन-तीन वर्षांत पॅनलच्या किमती कोसळल्या होत्या. शिवाय थाळीला फक्त थेट ऊन चालतं, ढगाळ उजेड नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. थाळी सूर्यामागे दोन दिशांनी फिरायला हवी. आरशावरची धूळ पॅनलवरच्या धुळीपेक्षा जास्त नडते. आणि साठ थाळ्या म्हणजे साठ इंजिनं, साठांची सीलं, साठांचा हायड्रोजन. नुसत्या विजेसाठी छपरावर पॅनल टाका आणि मोकळे व्हा, असंच मी सांगेन.

थाळ्या आपल्याकडे मुळीच नाहीत असं मात्र नाही. शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ पासून ७३ थाळ्या आहेत, त्यांच्या वाफेवर स्वयंपाक होतो. लातूरच्या महानंद डेअरीत १६० चौरस मीटरची ‘अरुण’ थाळी दूध पाश्चराइझ करायला बसवली होती. दोन्हीकडे उष्णता उष्णता म्हणूनच वापरली, वीज करायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. ज्याला भात शिजवायचा त्याने उन्हाची आधी वीज करून मग हीटर लावायचा, हा मला वेडेपणा वाटतो.

मग हे इंजिन आज कुठे चालतं तरी का?
— वाचक, मडगाव

चालतं, आणि जिथे चालतं तिथे बहुतेक दिसत नाही. स्वीडनच्या गॉटलंड वर्गाच्या पाणबुड्यांत ७५ किलोवॉटची दोन इंजिनं असतात. डिझेल आणि द्रवरूप ऑक्सिजन जाळून ती पाणबुडी आठवडेच्या आठवडे पाण्याखाली चालू ठेवतात. स्फोट नाही म्हणून आवाज नाही, आणि गार बाजूला अख्खा बाल्टिक समुद्र. त्याहून चांगली जागा मी तरी सुचवू शकत नाही.

हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने १९३० च्या दशकात यात हात घातला तो रेडिओसाठी. जिथे वीज नाही तिथे रेडिओ विकायचा तर बिनआवाजाचा, रेडिओत खरखर न आणणारा छोटा जनरेटर हवा होता. १९५०च्या सुमारास सुमारे दोनशे वॉटचा संच तयार झाला. दीडेकशे निघाले असतील. तोवर ट्रान्झिस्टर येऊ घातला होता, रेडिओ बॅटरीवर वाजायला लागला. पण काम वाया गेलं नाही. हेच यंत्र मोटरने उलटं फिरवलं की एक टोक गार होत जातं, इतकं गार की हवा द्रवरूप होऊन टपकते. फिलिप्सने ती यंत्रं विकली. आज अनेक थर्मल कॅमेऱ्यांच्या आत लहानसं स्टर्लिंग यंत्र डिटेक्टर गार करत बसलेलं असतं. वीज काढण्यापेक्षा थंडी करण्यात या इंजिनाने जास्त नाव काढलं.

शाळेच्या प्रदर्शनासाठी मी डब्याचं इंजिन केलं. मेणबत्ती लावली तरी फिरत नाही. काका, काय चुकलं असेल?
— आठवीतली विद्यार्थिनी, बार्शी

तुझं चित्र बघितलं. आतला सैल दट्ट्या, ज्याला डिस्प्लेसर म्हणतात, तो हवा फक्त इकडून तिकडे सरकवतो. काम बाहेरचा फुगा-पिस्टन करतो. दोघं पाव फेऱ्याने पुढेमागे पाहिजेत, डिस्प्लेसर पुढे. तुझ्या तारेच्या क्रँकला दोन्ही वाकणं एकाच दिशेला आहेत. ते आधी सुधार, नव्वद अंशांचा कोन कर.

मग मेणबत्ती विझव, फुगा काढून टाक आणि चाकाला बोटाने टिचकी मार. चाकाने आठ-दहा फेरे तरी आपोआप घ्यायला हवेत. दोन-तीन फेऱ्यांत थांबलं तर कुठेतरी घासतंय. डिस्प्लेसर डब्याच्या भिंतीला लागत असेल किंवा झाकणातलं भोक वाकडं असेल. तारेला भोकात साबणाचं पाणी लावून बघ, तिथूनच हवाही गळते. तेल नको, ते चिकटतं. फुगा बसवल्यावर डबा पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघ.

डिस्प्लेसरच्या मानाने फुगा केवढा ठेवायचा यालाही कोलिन यांचा ढोबळ नियम आहे: अकराशेला तापमानातल्या फरकाने भाग. तुझ्या डब्याच्या तळाशी आणि वर २०० अंशांचा फरक असेल तर साडेपाच, म्हणजे डिस्प्लेसर जेवढी हवा हलवतो त्याच्या साडेपाचाव्या हिश्श्याएवढीच हालचाल फुग्याला दे. चित्रात तुझा फुगा डब्याएवढा आहे. फार मोठा. क्रँकचं त्याचं वाकण छोटं कर.

आणि डब्याच्या झाकणावर काही ठेवलेलं दिसत नाही. दोन मिनिटांत झाकणही तापत असेल आणि मग हवा निवणार कशी? झाकणाभोवती पत्र्याची कड वळवून गार पाणी ओत, बर्फ मिळाला तर उत्तम. मेणबत्तीऐवजी स्पिरिटचा दिवा घेतलास तर घरातलं मोठं माणूस शेजारी बसव. फिरायला लागलं की पाणी किती कोमट झाल्यावर थांबतं ते थर्मामीटरने मोजून तक्त्यात लिही. परीक्षक तक्ता आधी बघतात.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना तापमानं मोजून पाठवावीत. ‘खूप गरम’ यावर हिशेब करता येत नाही.)